दुखत नाही, पण सोसवतही नाही

गेल्या अंकात आम्ही वाचकांना एकच विचारलं होतं: दुखत नाही, तरी चैन पडू देत नाही, असं तुमच्या अंगात काय होतं? पत्रं भरपूर आली. बहुतेकांची तक्रार एकसारखी आहे. घरात सांगायला जावं तर ‘दुखत तर नाही ना? मग पड गप’ एवढ्यावर विषय संपतो. आमच्या मते हे चूक आहे. खाज, वळवळ, तगमग यांमागेही ठोस कारणं असतात. कुठे होतं, केव्हा होतं आणि काय केल्याने कमी होतं, एवढं सांगता आलं तर निम्मं निदान तिथेच होतं.

प्रश्न: रात्री आडवं झालं की पोटऱ्यांच्या आत काहीतरी सरपटल्यासारखं होतं. गोळा येत नाही, दुखत नाही. उठून घरात चकरा मारल्या की थांबतं, पुन्हा पडलं की सुरू. वय ४२, पाळीत अंगावरून फार जातं. सासूबाई म्हणतात, दगदग होते म्हणून. (शिक्षिका, कराड)

दगदगीने दमलेले पाय पडल्यावर शांत होतात, तुमचे पडल्यावरच जागे होतात. पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, स्वस्थ बसलं-पडलं की वाढतं, चाललं की लगेच उतार पडतो आणि संध्याकाळनंतर जोर धरतं, या चारही खुणा तुमच्या पत्रात आहेत. याला ‘रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम’ म्हणतात. स्वीडनमधले डॉक्टर एकबोम यांनी १९४५ साली त्याचं सविस्तर वर्णन केलं. पोटरीत गोळा येतो तेव्हा स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि ठणकतो, ते वेगळं. मधुमेहात नसांना इजा होऊन तळव्यांची आग होते, पण ती चालल्याने थांबत नाही.

तुमच्या बाबतीत पहिला संशय लोहाच्या कमतरतेचा. मेंदूत लोह कमी पडलं की डोपामिन या मेंदूतल्या निरोप पोचवणाऱ्या रसायनाचं काम बिघडतं, आणि पायांची ही ओढ बरीचशी त्यातूनच येते असं मानतात. इथे हमखास एक गफलत होते. हिमोग्लोबिन १२ आलं की ‘रक्त चांगलं आहे’ म्हणून सोडून देतात. शरीरातला लोहाचा साठा मात्र फेरिटिनच्या तपासणीत कळतो. प्रयोगशाळेच्या छापील कागदावर २० किंवा ३० सुद्धा ‘नॉर्मल’ असतं. पण हा त्रास असलेल्यांत फेरिटिन ७५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून कमी असेल तर लोह देऊन पाहावं, असं तज्ज्ञांचं मत आहे. तपासणी सकाळी उपाशीपोटी करा, आदल्या दिवशी लोहाची गोळी घेऊ नका. ताप किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन खोटं वाढतं, तेव्हा बरं वाटल्यावरच रक्त द्या.

फेरिटिन कमी निघालं तर आरोग्य केंद्रातून स्त्रियांना मिळणाऱ्या लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. ती रोज की एकाआड एक, हे डॉक्टर ठरवतील. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी दीड-दोन तास लांब ठेवा. जेवणानंतर लगेच कपभर चहा पिण्याच्या सवयीने पुष्कळ लोह वाया जातं. शौच काळी होणं अपेक्षित आहे, घाबरू नका. फरक पडायला आठवडे लागतात. तीन महिन्यांनी फेरिटिन पुन्हा बघा. तपासणी न करता स्वतःच्या मनाने महिनोन् महिने लोह खाऊ नका, कारण जादा लोह यकृतात साठतं. आणि पाळीत फार जाण्याचा उपाय स्त्रीरोगतज्ज्ञांकडून करून घ्या, नाहीतर वरून भरायचं आणि खालून गळायचं, असंच चालू राहील.

सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, उलटी थांबवणारं मेटोक्लोप्रमाइड आणि काही नैराश्यावरची औषधं हा त्रास वाढवतात. चालू गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना मात्र जरूर सांगा. दुपारनंतरचा चहा-कॉफी तोडा. त्रास सुरू झाला की भिंतीला हात टेकून एक पाय मागे, टाच जमिनीला टेकलेली, अशी पोटरी अर्धा मिनिट ताणा, मग दुसरी. काहींना गरम पाण्याने बरं वाटतं, काहींना गार. एवढ्याने भागलं नाही तर गॅबापेन्टिन किंवा प्रीगाबालिन देतात. पूर्वी प्रॅमिपेक्सोलसारखी डोपामिनवर चालणारी औषधं आधी दिली जात. पण काही वर्षांत अनेकांचा त्रास रात्रीऐवजी दुपारीच सुरू होतो, हातांतही पसरतो, असं दिसू लागल्यावर आता ती मागे ठेवतात.

प्रश्न: फळ्यावर खडू किरकिरला की दात शिवशिवतात, अंगावर काटा येतो. कानांत दोष आहे का? (विद्यार्थिनी, लातूर)

नाही. साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झ या पट्ट्यातल्या आवाजांना आपला कान सर्वांत हळवा असतो, कारण कानाच्या नळीची घडणच ते आवाज मोठे करते. १९८६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा खरवडण्याच्या आवाजातले वरचे स्वर काढून टाकले, तरी ऐकणाऱ्यांना तो तितकाच नकोसा वाटला. मधले स्वर काढले तेव्हा कुठे तो सुसह्य झाला. बाईंना सांगा, खडू मोडून आखूड करा आणि फळ्याशी तिरका धरा. किरकिर बहुधा थांबते.

प्रश्न: यजमानांना मानसोपचाराची नवी गोळी सुरू होऊन पाच दिवस झाले. जेवायच्या पाटावर दोन मिनिटं बसवत नाही, सारखे येरझाऱ्या घालतात. ‘आतून कोणीतरी ढकलतंय’ म्हणतात. आजार वाढला का? (गृहिणी, परभणी)

हे उत्तर वाचायची वाट न पाहता आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा. ही गोळीचीच प्रतिक्रिया असण्याची दाट शक्यता आहे. तिला अकाथिसिया म्हणतात. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ॲरिपिप्राझोल या औषधांनी ती होते, बहुतेक वेळा गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही दिवसांतच. मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन शिरेतून भर्रकन दिलं तरी काही मिनिटांत अशी तगमग होते. तेच औषध सलाइनमधून पंधरा मिनिटांत सावकाश दिलं तर धोका बराच कमी होतो.

या त्रासाला वेदना नाही, पण तो भोगणाऱ्याला तो कुठल्याही दुखण्यापेक्षा असह्य वाटू शकतो, आणि घरच्यांनी हे पुरतं समजून घ्यायला हवं. ‘जरा स्थिर बस ना’ असं म्हणू नका, ते त्यांच्या हातात नाही. सर्वांत वाईट चूक होते ती ‘रुग्ण अस्वस्थ आहे, आजार वाढलाय’ असं समजून त्याच गोळीचा डोस वाढवण्याची. म्हणून डॉक्टरांना नेमकं सांगा: गोळीचं नाव आणि डोस, कोणत्या दिवशी सुरू केली, तगमग कोणत्या दिवसापासून, दहा मिनिटं सलग बसता येतं का, उभे असताना एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत राहतात का. कराडच्या शिक्षिकेच्या पहिल्या प्रश्नातल्या तक्रारीत पाय फक्त रात्री, पडल्यावर छळतात. इथे सगळं अंग दिवसाढवळ्या छळतं. डोस कमी करणं, औषध बदलणं किंवा जोडीला प्रोप्रानोलॉल देणं, हे उपाय आहेत. दमा असेल तर प्रोप्रानोलॉल चालत नाही, ते आधीच सांगा. गोळी मनाने एकदम बंद करू नका. जीव नकोसा झाल्याची भाषा सुरू झाली तर त्यांना एकटं सोडू नका, थेट रुग्णालयात न्या. सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो.

प्रश्न: मुलगा वसतिगृहातून सुट्टीला आला आणि महिन्याभरात घरातल्या सगळ्यांना रात्री खाज सुटू लागली. मलम लावलं की थांबते, पुन्हा येते. (वाचक, जळगाव)

रात्रीची खाज, एकाच घरात अनेकांना, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला आणि जांघेत असेल, तर खरूज समजा. अर्ध्या मिलिमीटरहून लहान किडा कातडीत बोगदा करून राहतो. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणूनच तुमच्याकडे महिना गेला.

मलम पर्मेथ्रिन ५ टक्के हवं. ते लावण्यात लोक तीन ठिकाणी चुकतात. एक, फक्त खाजतं तिथेच लावतात. मानेपासून तळपायापर्यंत, बेंबीत, बेचक्यांत, नखं कापून त्यांच्याखालीही लावायचं. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम लागतं. लहान बाळांना आणि म्हाताऱ्या माणसांना डोक्याला-चेहऱ्यालाही, पण डॉक्टरांना विचारून. गरम आंघोळ करून लगेच लावू नका, अंग गार आणि कोरडं हवं. रात्री लावून आठ ते बारा तासांनी धुवा. मध्ये हात धुतले तर हातांना पुन्हा लावा. दोन, खाज नसलेल्यांना वगळतात. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, नाहीतर किडा एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो. तीन, सात दिवसांनी दुसरी फेरी करत नाहीत.

कपडे, चादरी, अभ्रे गरम पाण्यात धुवून उन्हात वाळवा. गोधड्या, रजया प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवा. माणसाच्या अंगापासून दूर किडा दोन-तीन दिवसांत मरतो. उपचारानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहते. ती मेलेल्या किड्यांची प्रतिक्रिया असते, तेव्हा घाबरून रोज मलम थापू नका. दुकानातून आणलेलं स्टिरॉइड मिसळलेलं मलम लावाल तर चार दिवस बरं वाटेल आणि खरूज आतल्या आत पसरेल. तुमचं ‘थांबते, पुन्हा येते’ बहुधा त्याचंच आहे.

घरात दुसऱ्या कोणालाच नसेल, अंगावर पुरळही नसेल आणि तरी खाजत असेल, तर यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड आणि लोह तपासून घ्या. गरोदर बाईचे तळहात-तळपाय शेवटच्या महिन्यांत खाजू लागले तर त्याच दिवशी दाखवा, त्यात बाळाला धोका असू शकतो.

प्रश्न: चिंच घालूनही अळूच्या फतफत्याने घसा खवखवला. असं का? (वाचक, सावंतवाडी)

अळूत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांच्या जुड्या असतात आणि त्या सुयांना एक झोंबणारं प्रथिन चिकटलेलं असतं. उष्णतेने सुया विरघळत नाहीत, पण ते प्रथिन निकामी होतं. म्हणजे मुख्य काम शिजवण्याचं, चिंच-आमसूल जोडीला. देठ सोलून, जाड शिरा काढून, पानं कुकरमध्ये गाळ होईपर्यंत शिजवा. वड्यांचे उंडे जाड असतील तर आतून कच्चे राहतात, ते २०-२५ मिनिटं नीट उकडा. चिरताना हात कोरडे ठेवा, तेल लावा. घसा खवखवलाच तर गार दूध किंवा दही घ्या. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास अडला तर थेट दवाखाना.

प्रश्न: घशात सतत गोळा अडकल्यासारखं वाटतं, पण भाकरी नीट उतरते. दुर्बिणीची तपासणी करावी का? (निवृत्त कर्मचारी, चिपळूण)

खाताना विसर पडतो आणि रिकाम्या वेळी गोळा जाणवतो, ही त्यातल्या त्यात चांगली खूण. कोरडा आवंढा पुन्हा पुन्हा गिळणं आणि घसा खाकरणं, यांनीच तो वाढतो. तसं वाटलं की पाण्याचा एक घोट घ्या. रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास उरका, आंबट ढेकर येत असतील तर पित्ताचा उपचार करा. ताणाच्या दिवसांत गोळा वाढला तरी मनाचे खेळ म्हणून कोणी हिणवू नये, गळ्याचे स्नायू खरोखर आवळलेले असू शकतात. मात्र घास अडकू लागला, गिळताना दुखलं, एकाच बाजूला वाटलं, वजन उतरलं, थुंकीत रक्त दिसलं, गळ्यात गाठ लागली किंवा आवाज तीन आठवड्यांहून जास्त घोगरा राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने तपासून घ्या. तंबाखू, मिशेरी किंवा विडी असेल तर ही लक्षणं नसतानाही एकदा तपासा.