वाचकांचे प्रश्न : जेकब कॉलियर आणि आवाजांचे थर

प्रश्न : इंग्लिश गायक-वादक जेकब कॉलियरने २०१७ मध्ये दोन ग्रॅमी (अमेरिकेतले संगीत पुरस्कार) घेतल्या तेव्हा तो जेमतेम बावीस वर्षांचा होता. जॅझ, सोल (कृष्णवर्णीय अमेरिकनांची भावपूर्ण गायनशैली), लोकसंगीत एकत्र आणायची ही तयारी झाली कधी?

उत्तर : घरातच झाली. जन्म २ ऑगस्ट १९९४, लंडन. आई सूझी कॉलियर व्हायोलिनवादक, वाद्यवृंद-संचालक आणि रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिक्षिका. आजोबा डेरेकही व्हायोलिनवादक. घरी सगळे मिळून जर्मन संगीतकार बाखच्या चार आवाजांच्या रचना गात. आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच. त्या रचनांत खालचे तीन आवाज नुसती साथ करत नाहीत, प्रत्येकाला स्वतःची चाल असते. पुढे जेकबने सोलची गाणी बसवली तीही याच पद्धतीने. म्हणून त्याच्या मिश्रणात एका शैलीवर दुसरी चिकटवल्यासारखी वाटत नाही.

लहानपणी तो ऑपेरात गायला, पुढे रॉयल अकॅडमीत जॅझ पियानो शिकला. २०११ पासून एकट्याने गाऊन-वाजवून केलेले व्हिडिओ यूट्यूबवर टाकू लागला. २०१३ मध्ये त्याने अमेरिकन सोल गायक स्टीव्ही वंडरचं एक गाणं नव्याने बसवलं आणि नामवंत अमेरिकन संगीत निर्माते क्विन्सी जोन्स यांचं लक्ष त्याच्याकडे गेलं. २०१६ चा ‘इन माय रूम’ हा पहिला अल्बम त्याने घरातल्या खोलीतच ध्वनिमुद्रित केला. दोन्ही ग्रॅमी त्यातल्या संगीत संयोजनाला मिळाल्या.

प्रश्न : तो पट्ट्यांच्या मधल्या सुरात गातो म्हणतात. म्हणजे काय?

उत्तर : एका इंग्लिश ख्रिसमस गीतात तो पांढरी तीनमधून निघतो आणि पांढरी पाच व काळी चार यांच्या बरोबर मधोमध पोचतो. पांढरी पाच ३९२ हर्ट्झ (सेकंदाला कंपनं), काळी चार सुमारे ४१५, आणि हा सूर जवळजवळ ४०३.५. पेटीवर तो सापडणारच नाही. गळ्याला मात्र पट्ट्या नसतात. तो एकदम उडी मारत नाही, मधल्या कॉर्डमधून (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांतून) थोडं थोडं वर सरकतो. सगळे आवाज आपसांतलं अंतर सांभाळून सरकतात, म्हणून ऐकताना बेसूर लागत नाही.

प्रश्न : मुलगी स्वतःचेच पाच-सहा आवाज एकावर एक ध्वनिमुद्रित करते. ऐकायला गिचमिड वाटतं, लयही सुटते. काय चुकतंय?

उत्तर : बहुतेक क्रम चुकतोय. आधी क्लिक (लय धरून ठेवणारा यांत्रिक ठोका) लावा, त्यावर पियानोचा साधा मार्गदर्शक ट्रॅक घ्या. मग सर्वांत खालचा आवाज, त्यानंतर मुख्य चाल, मधले आवाज शेवटी. दर वेळी आधीच्या आवाजाला सूर लावून गायलं की सहाव्या थरापर्यंत पट्टी घसरते. म्हणून कानात पियानो किंवा तानपुरा ठेवायचा आणि आधीचे आवाज हळू करायचे. हेडफोन बंद कपांचे हवेत, नाहीतर क्लिक माइकमध्ये शिरते.

गिचमिड होण्याचं मोठं कारण व्यंजनं. सहाही आवाजांनी शब्दाच्या शेवटचा ‘स’ किंवा ‘त’ म्हटला तर तो सहा वेळा, मागेपुढे ऐकू येतो. तो एकाच आवाजाला द्या, बाकीच्यांनी स्वरावरच थांबावं. श्वासाच्या जागा कागदावर लिहून ठेवा. वरच्या आवाजांतला १०० हर्ट्झखालचा भाग काढा, खालचा आवाज मध्ये ठेवा आणि बाकीचे डावी-उजवीकडे पसरवा.

प्रत्येक थर सारख्याच अंतराने मागे पडत असेल तर दोष गळ्याचा नाही, संगणकाला लागणाऱ्या वेळेचा आहे. क्लिक हेडफोनमधून माइकला ऐकवून ध्वनिमुद्रित करा, मूळ ठोका आणि ध्वनिमुद्रित ठोका यांतला फरक मोजा आणि सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये तेवढी भरपाई करा.

व्हिडिओही घ्यायचा असेल तर प्रत्येक टेकच्या आरंभी एक टाळी वाजवा, जुळवायला तीच उपयोगी पडते. सुरुवातीला जुळलेले ओठ शेवटी मागे-पुढे होत असतील तर बहुधा फोनचा फ्रेम रेट (सेकंदाला टिपल्या जाणाऱ्या चित्रांची संख्या) बदलता आहे. तो स्थिर करून घ्या, मगच संकलनाला बसा.