‘ॲट फर्स्ट’ आणि त्याची भावंडं

इंग्रजीत फर्स्ट, थर्ड अशा क्रम सांगणाऱ्या शब्दांआधी ‘ऑन’, ‘इन’, ‘फॉर’ की ‘ॲट’, याचे नियम शोधत बसू नकोस, अख्खा तुकडाच तोंडात बसव. मजला आणि तारीख आली की ‘ऑन’: ऑन द थर्ड फ्लोर, ऑन द फिफ्थ ऑफ मे. शतकाला ‘इन’, खेपेला ‘फॉर’: फॉर द फर्स्ट टाइम. इथवर सोपं.

खरी गोची ‘ॲट फर्स्ट’ची, म्हणजे ‘सुरुवातीला (पण नंतर बदललं)’. त्यात ‘द’ नाही, आणि मुद्दे मोजायला ते चालत नाही; तिथे ‘फर्स्ट’ किंवा ‘फर्स्टली’. ‘ॲट फर्स्ट आय हेटेड कॉफी’ म्हटलंस की ऐकणारा ‘बट’ची वाट बघतो. ‘इन द फर्स्ट प्लेस’ म्हणजे मुळात, आणि प्रश्नाच्या शेवटी आलं की बहुधा कुरकुरीच्या सुरात: व्हाय डिड यू कॉल हिम इन द फर्स्ट प्लेस?

मजल्याचं मात्र जपून. लंडनचा फर्स्ट फ्लोर आपल्यासारखाच जिना चढून. न्यूयॉर्कात सहसा रस्त्यालगतचाच.