जमीन वापराचं नियोजन नीट केलं तर टिकाऊ आर्थिक विकासाला खरंच मदत होते का?

होते. नवी मुंबईच बघा. हे शहर वसवायला १९७० मध्ये सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. सरकारने जमीन आधी संपादित करून सिडकोला दिली, मग सिडकोने विकसित भूखंड विकून त्याच पैशातून पायाभूत सुविधा उभारल्या. मानखुर्द-बेलापूर रेल्वेचा ६७ टक्के खर्च सिडकोचा, बाकी रेल्वेचा. वाशी, बेलापूर स्टेशनांवरच ऑफिसं बांधली, म्हणजे नोकरी लोकलच्या दारात. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवायला धारण तलावांची जागा राखली. तिथे गाळ साचला आणि खारफुटी वाढली की सखल भाग तुंबतो, ते वेगळं.

पण ज्यांची जमीन गेली त्यांचं काय? गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळायला आधी १९८४ चं उरण तालुक्यातल्या जासईचं शेतकऱ्यांचं आंदोलन व्हावं लागलं. तो हिस्सा पहिल्याच आराखड्यात हवा होता.