ओटीपी बाबांचा, फॉर्म मुलीचा

चिपळूणहून एका वडिलांनी लिहिलंय: मुलीला एमएचटी-सीईटीत ८८ पर्सेंटाइल. तिला सिव्हिल घेऊन पुढे पुराच्या मॉडेलिंगमध्ये जायचंय. 'सिव्हिल म्हणजे साइट, ऊन आणि ठेकेदार. ती म्हणते ते काम कॉम्प्युटरवरच चालतं ना? मग कॉम्प्युटर इंजिनिअरिंग घेऊ दे, पुराचं नंतर शिकेल. ऑप्शन फॉर्ममध्ये मी कॉम्प्युटर वर घेतलंय, ओटीपी माझ्याच मोबाइलवर येतो. तिला अजून सांगितलं नाही. योग्य केलं ना?'

नाही, योग्य केलं नाहीत.

पर्सेंटाइलवर काही अडलेलं नाही. अडलंय ते 'तिला अजून सांगितलं नाही' या चार शब्दांवर. प्रवेशाच्या पहिल्या फेरीत फॉर्मवरचा पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला, तर तो आपोआप पक्का होतो. मग पुढच्या फेऱ्यांत बदलायची सोय नाही. म्हणजे आपल्या आयुष्याची चार वर्षं कुठे जाणार, हे तिला अलॉटमेंट लागल्यावर कळणार. फी तुम्ही भरणार, तेव्हा मत द्यायचा हक्क तुम्हाला आहेच. ते जेवताना समोरासमोर द्या, तिच्या लॉगिनमधून नको. आणि अख्ख्या पत्रात तिचं स्वतःचं एक वाक्य नाही. पूरच का, हे तिला विचारलंत का? २२ जुलै २०२१च्या पुरात शाळकरी वयात ती चिपळुणातच असेल, तर उत्तर तुमच्या घरातच असण्याची शक्यता आहे.

आता 'कॉम्प्युटरवरच चालतं ना' याकडे येतो, कारण हा समज फार जणांचा आहे. पुरासाठी दोन मॉडेलं जोडतात. पहिलं जलविज्ञानाचं: डोंगरात इतका पाऊस पडला तर नदीत पाणी किती आणि कधी येईल. दुसरं नदीच्या प्रवाहाचं: ते पाणी किती चढेल आणि कुठल्या गल्लीत शिरेल. पहिल्यातून निघालेला जलालेख, म्हणजे वेळेगणिक विसर्ग, दुसऱ्याच्या वरच्या टोकाला द्यायचा. खालच्या टोकाला दाभोळ खाडीची भरती-ओहोटी. हेक-एचएमएस आणि हेक-रास ही त्यासाठीची नेहमीची जोडी, अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाची, दोन्ही फुकट. बटणं शिकायला फार दिवस लागत नाहीत. घोळ होतात ते बटणांच्या बाहेर.

चिपळूणच्या वाशिष्ठी नदीचंच घ्या. उंचीच्या नकाशावरून सॉफ्टवेअर सह्याद्रीच्या धारेपर्यंतचं पाणलोट क्षेत्र छान आखून देतं. त्यात कोयनेचं अवजल, म्हणजे वीज तयार करून सोडलेलं पाणी, नसतं. ते पाणी धारेपलीकडचं, कृष्णा खोऱ्यातलं; बोगद्यांतून पोफळी-कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येतं, आणि नकाशाला बोगदा दिसत नाही. ते वेगळा स्रोत म्हणून, तासागणिक विसर्गासह, हाताने घालावं लागतं. नाही घातलं तरी मॉडेल सुरळीत चालतं, एकही एरर येत नाही. पूर धरणाच्या पाण्याने की पावसाने, हा आपल्याकडचा वादही असाच तपासतात: एकदा अवजलासह चालवायचं, एकदा त्याशिवाय, मग भरतीची वेळ सहा तास सरकवून पुन्हा.

अशा मुक्या चुका आणखी आहेत. नदीच्या ज्या तुकड्यातला प्रवास पहिल्या मॉडेलने आधीच हिशेबात धरलाय, तोच दुसऱ्यात पुन्हा घातला, तर पुराचा शेंडा, म्हणजे सर्वाधिक विसर्ग, दोनदा बसका होतो आणि पातळी कमी दिसते. भरतीच्या तक्त्यातली उंची ओहोटीच्या नीचांकाजवळच्या पातळीपासून मोजलेली असते, जमिनीची सहसा सरासरी समुद्रपातळीपासून. दोन्ही तशाच जोडल्या तर मीटरभराहून जास्त फरक पडू शकतो. कोकणातल्या नद्या आखूड आणि उभ्या उताराच्या. घाटात पडलेलं पाणी काही तासांत खाली येतं, म्हणून २४ तासांच्या एका आकड्यावर शेंडा काढता येत नाही, तासाचा पाऊस लागतो. वरवरची पडताळणी कागदावरच होते: १ चौरस किलोमीटरवर १ मिलिमीटर म्हणजे १,००० घनमीटर. ३०० चौरस किलोमीटरवर २०० मिलिमीटर म्हणजे ६ कोटी. अवजल न धरता जलालेखातलं पावसाचं एकूण पाणी त्याहून जास्त निघालं, तर कुठेतरी शून्य चुकलंय.

हे ओळखायला जलशास्त्र लागतं, आणि ते सिव्हिलमध्ये शिकवतात. प्रोग्रॅमिंग कामाला येतं, नाही असं नाही. २० मीटरची जाळी आणि सेकंदाला ३ मीटर वेग असला, की एका पायरीत पाणी जाळीचं एक घर ओलांडून पुढे जाऊ नये म्हणून गणनेची पायरी साधारण ६-७ सेकंदांच्या आत ठेवावी लागते. असे शेकडो रन हाताने कोण लावणार? पायथन तिला वर्षभरात जमेल. उलट दिशेचा रस्ता लांबचा आहे.

उन्हाबद्दल तुम्ही बरोबर आहात. उपग्रहाच्या उंचीच्या नकाशात पाण्याखालचा तळ नसतो. होडीतून काटछेद, म्हणजे नदीच्या आडव्या रेषेवरची तळाची मापं, घ्यावे लागतात, आणि गाळ उपसला की जुने काटछेद बाद. तिला चिखलात उतरावं लागेल. ते तिला चालणार आहे का, एवढंच विचारा. उत्तर तिच्या वतीने देऊ नका.

तिलाही एक सांगणं आहे. स्क्रीनवर निळं पाणी पसरताना बघायला आवडतं, एवढंच असेल तर बाबांचं ऐकलेलं बरं. नुसत्या पदवीवर या क्षेत्रात चांगलं काम क्वचित मिळतं आणि सुरुवातीचा पगार आयटीच्या मानाने कमी असतो. रस्ता सरळ आहे: सिव्हिल (लोणेरेचं तंत्रज्ञान विद्यापीठही यादीत ठेवा), गेट ही एमटेकची प्रवेश परीक्षा, मग जलसंपदा किंवा जलविज्ञानात एमटेक; सरकारी नोकरी हवी तर एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा. दापोलीच्या कृषी विद्यापीठातलं कृषी अभियांत्रिकी कुणी सुचवत नाही; मृद व जलसंधारण हा तिथला एक मुख्य विषय असतो, तेही बघा.

फॉर्मची मुदत संपायच्या आत लॉगिन तिच्या हातात द्या, क्रम तिला लावू द्या. सुट्टीत एक काम करून बघा, दोघांनी मिळून. बाजारातल्या दहा-बारा भिंतींवर २००५ आणि २०२१च्या पाण्याच्या खुणा शोधा, प्रत्येक खूण रस्त्यापासून टेपने मोजा आणि जागा फोनच्या नकाशावर टिपा. मग ओळखीच्या सर्व्हेअरकडून त्या जागांची रस्त्याची पातळी घ्या. चिपळूणचं मॉडेल खरं की खोटं, हे ठरवायला शेवटी असेच आकडे लागतात. दुसऱ्या दिवशीही ती टेप घेऊन निघाली, तर मला पुन्हा लिहायची गरज नाही.