सांगलीतल्या शाळेत आठवी-नववीला चिनी भाषा शिकवायला ऑनलाइन चिनी शिक्षिका आणि शाळेतली एक शिक्षिका अशी जोडी चालेल का? कामाची वाटणी आणि मानधन कसं ठरवावं?

चालेल. पण प्रश्नाखाली तुम्ही पुढं लिहिलंय की "शिकवायचं काम चिनी मॅडम स्क्रीनवरून करतील, आमच्या टीचरनं फक्त वर्ग सांभाळायचा", तिथं मी अडकले. ती वर्ग सांभाळणारी टीचर मी होते. सांगलीतच, एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत, आठवी-नववीलाच. त्यामुळं उत्तर लांबणार आहे आणि थोडं एकतर्फीही होणार आहे, चालवून घ्या.

मी पुण्यात चिनी शिकले, एचएसके या चिनी भाषेच्या प्रमाणित परीक्षेची चौथी पातळी पास झाले, काही वर्षं चीनमधून यंत्रं मागवणाऱ्या एका कंपनीत दुभाष्याचं काम केलं. लग्नानंतर सांगलीला आले. शाळेनं मला घेतलं ते "कोऑर्डिनेटर" म्हणून. शिकवायला एका एजन्सीमार्फत चीनमधल्या कुन्मिंग शहरातली एक तरुण शिक्षिका ठरवली होती. पोरांना पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं की स्क्रीनवरच्या बाईंना "लाओशी" म्हणायचं, म्हणजे गुरुजी, बाई. मला मात्र "मॅडम". आता चिनी शिकवणाऱ्या कुणालाही लाओशीच म्हणतात हे पोरांना माहीत नव्हतं, पण शाळेला मी सांगितलं होतं. "अहो, ती ओरिजिनल आहे ना," असं उत्तर मिळालं.

तर ओरिजिनल लाओशींच्या तासाला काय व्हायचं ते सांगते. पिनयिनमध्ये, म्हणजे रोमन लिपीत चिनी लिहायची जी पद्धत चीननं १९५८ साली आणली तिच्यात, "पी" हे अक्षर असलं की उच्चार आपल्या फ सारखा असतो. "बी" असलं की उच्चार आपल्या प सारखा. आपली पोरं इंग्रजी वाचून तयार झालेली, त्यांना "पी" दिसला की ती सरळ प म्हणणार. धडा होता "मी पळालो", म्हणजे "वो फाओ ल". अख्खा वर्ग एका सुरात "वो पाओ ल" म्हणत होता. त्याचा अर्थ होतो "माझं पोट भरलं". चिनीत सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो, असे चार सूर आहेत. इथं सूर दोन्हींचा एकच, तिसरा, त्यामुळं सुरावरून वेगळं काढायचीही सोय नाही. लाओशी बिचाऱ्या तिकडून पुन्हा पुन्हा बरोबर म्हणून दाखवताहेत, पोरं पुन्हा पुन्हा पोट भरल्याचं सांगताहेत. लाओशींना कळेना की चाळीस पोरांचं एकदम काय बिघडलंय. पोरांना कळेना की आपलं काय चुकतंय, कारण त्यांच्या कानाला ते बरोबरच वाटत होतं. तास असाच संपला. मी मागं उभी. मला सांगून ठेवलेलं होतं की मध्ये बोलायचं नाही, "फ्लो तुटतो".

पुढच्या तासाला लाओशींचं नेट गेलं. मी फळ्यावर प आणि फ काढले. वहीच्या पानाची एक पट्टी फाडून ओठांसमोर धरायला लावली. प म्हटलं की पट्टी हलत नाही, फ म्हटलं की उडते. इथं एक अडचण येते, तुम्हालाही येईल. आजकालची पोरं फणस सुद्धा "फॅन"मधल्या फ नं म्हणतात, दात ओठावर ठेवून. तो फ चिनीत वेगळा आहे. म्हणून आजी फणस कशी म्हणते ते आठवा, दोन्ही ओठ मिटून, असं सांगावं लागलं. आजी म्हटल्यावर जमलं. मग त-थ, क-ख तसेच. "टी" दिसला की थ, "डी" दिसला की त. "थूच" म्हणजे ससा आणि "तूच" म्हणजे पोट, यावर तर वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातून तक्रार आली. त्यातला च सुद्धा पिनयिनमध्ये "झेड"नं लिहितात, पोरं "झ" वाचतात, आणि असतो तो आपल्या "चोर"मधला च. मराठी पोराच्या तोंडात हे सगळं आधीपासून आहे. इंग्रजी बोलणाऱ्याला प आणि फ वेगळे काढायला घाम फुटतो, आपल्याकडे पहिलीतलं पोर बाराखडीत काढतं. हे कुन्मिंगच्या बाईंना कुठून माहीत असणार? ते माहीत असणारी बाई वर्गात मागं उभी होती.

लाओशी परत आल्या तेव्हा पोरं पळाली होती, पोट भरलेली नव्हती. त्यांना आनंद झाला, त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्या हुशार होत्या, त्यांनी दुसऱ्याच दिवशी मला ईमेल केली की यापुढं उच्चाराची सुरुवात तूच करून दे. (ईमेलच का, तर त्यांच्याकडं व्हॉट्सअॅप धड चालत नाही आणि वीचॅट आपल्या सरकारनं २०२० च्या जूनमध्ये टिकटॉकबरोबरच बंद केलं. हे तुम्ही आधीच धरून चला. दोघींनी तासाचं नियोजन कशावर करायचं, हा प्रश्न पहिल्या आठवड्यात येतो.) भांडण माझं त्यांच्याशी कधीच नव्हतं.

भांडण झालं ते वर. फळ्यावर देवनागरी बघून आमच्या वरिष्ठ म्हणाल्या, "पालक फी भरतात ते चिनी बाईंच्या आवाजाची. तुम्ही मराठीत शिकवताय असं बाहेर गेलं तर?" मी म्हटलं, शिकवतेय चिनीच, समजावतेय मराठीत. त्या म्हणाल्या तुमचा रोल सपोर्टचा आहे. तो "सपोर्ट" शब्द मला अजून टोचतो.

नंतर मी यावर बरंच वाचलं. दोन शिक्षकांनी एक वर्ग घेणं हा अमेरिकेत मुळात विशेष गरजा असलेल्या मुलांच्या वर्गांतून रुजलेला प्रकार आहे. मॅरिलिन फ्रेंड आणि लिन कुक यांनी त्याच्या सहा पद्धती सांगितल्यात. त्यातली "एक शिकवतो, दुसरा फिरून मदत करतो" ही सगळ्यात सोपी, म्हणून सगळीकडे तीच चालते. तिच्यात दुसऱ्या शिक्षकाचं हळूहळू बुजगावणं होतं, हे मी वाचलेलं नाही, भोगलेलं आहे. आणि जपानचं बघा. जेट नावाच्या योजनेतून ते १९८७ पासून शाळांमध्ये परदेशी तरुण आणतात, इंग्रजी शिकवायला. त्या परदेशी माणसाचं पद काय, तर "सहायक भाषाशिक्षक". मुख्य शिक्षक जपानी. वर्ग त्याचा, परीक्षा त्याची, जबाबदारी त्याची. परदेशी माणूस आवाजासाठी, संभाषणासाठी. आपल्याकडं नेमकं उलटं करायचं आणि वर त्याला आधुनिक म्हणायचं.

तर वाटणी. मुख्य शिक्षिका वर्गात उभी आहे ती. उच्चाराचा पाया, वाक्यरचना, वही, परीक्षा हे तिचं. वाक्यरचना मराठीतून किती सोपी जाते बघा. "नी छ फान ल मा?" (इथला फ मात्र "फॅन"मधला) म्हणजे "जेवलास का?" शेवटचा "मा" म्हणजे आपला "का", तोही वाक्याच्या शेवटीच. लाओशींच्या स्लाइडवर हेच इंग्रजीतल्या "डू" आणि "डिड"मधून समजावलेलं होतं, पोरं उगाच गोंधळली. अक्षरांचंही तसंच. "तोंड" हे अक्षर म्हणजे एक साधा चौकोन, पण तो तीन फटकाऱ्यांत काढायचा. आधी डावी उभी रेघ, मग वरची आणि उजवी एका दमात, खालची सगळ्यात शेवटी. पोरं एकदा पेन टेकवलं की गोल फिरवून डबा काढून मोकळी. कॅमेऱ्यातून दोन्ही सारखेच दिसतात. रांगांमधून फिरणारीलाच ते दिसतं. गणिताची चौकोनी वही घ्यायला लावा, वेगळी वही मागवायची गरज नाही.

स्क्रीनवरच्या शिक्षिकेला चार सूर द्या, श्रुतलेखन द्या, आणि मुख्य म्हणजे पाच-पाच, सहा-सहा पोरांशी गप्पा द्या. अख्ख्या वर्गासमोर तिला बोलतं ठेवणं म्हणजे महागडा रेडिओ लावणं. एक गट तिच्याशी बोलतोय, बाकीचे माझ्याकडे लिहिताहेत, असं आम्ही दुसऱ्या सत्रात चोरून केलं आणि तिथून वर्ग सुधारला. चोरून म्हणजे वरून तपासणीला कुणी आलं की पुन्हा सगळे स्क्रीनकडं तोंड करून बसायचे.

वेळेचं म्हणाल तर चीन आपल्यापेक्षा अडीच तास पुढं आहे. सकाळच्या सत्रातला तास तिकडं भर दिवसा येतो, काही अडचण नाही. शनिवारी दुपारी उशिरा ठेवाल तर तिकडं संध्याकाळ होते आणि बाई दमलेल्या असतात. दोन वर्षांत पोरं एचएसकेच्या पहिल्या पातळीपर्यंत जातात, जुन्या अभ्यासक्रमात तिला दीडशे शब्द होते. चुणचुणीत असतील ती दुसरीपर्यंत, तिला तीनशे. नव्या अभ्यासक्रमात आकडे वाढलेत, ते बघून घ्या. तिसरीच्या पेपरात अक्षरांसोबत पिनयिन नसतं, तेव्हा जाहिरातीत "फ्लुएंट" वगैरे छापू नका.

पालकांची तयारी ठेवा. आमच्या सभेत तासगावकडचे एक बागायतदार उठले, "चिनी बेदाण्यानं आमचा भाव पाडला, आणि तुम्ही आमच्याच पोरांना चिनी शिकवताय?" टाळ्या पडल्या. मग प्राचार्यांनी सोलापूरच्या डॉ. कोटणिसांचं नाव काढलं, १९३८ साली चीनला गेले वगैरे. कोटणिसांपुढं कुणाला बोलता येत नाही, सभा गप्प झाली. मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, भाव पाडणाऱ्याची भाषा तर आधी शिकावी. मला विचारलं नाही. दुसरे एक गृहस्थ नवं शैक्षणिक धोरण घेऊन आले होते. २०१९ च्या मसुद्यात चिनीचं नाव होतं, २०२० च्या अंतिम धोरणातून ते गेलं, हे खरं आहे. पण तिथं कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच "यांसारख्या" भाषा असं लिहिलंय, बंदी कुठंच नाही. तरी विषय गुणांचा करायचा की छंदवर्गाचा, हे तुमच्या बोर्डाला लेखी विचारून घ्या.

आता काही गोष्टी ज्या आधी सांगायला हव्या होत्या. देवनागरी ही पहिल्या काही आठवड्यांपुरतीच. तिच्यात सूर दिसत नाहीत, आणि पोरांना सवय लागली की पिनयिन वाचायचा कंटाळा करतात. फळ्यावरून ती वेळेत पुसावी लागते. दुसरं, चीनऐवजी तैवानची शिक्षिका मिळाली तर व्हॉट्सअॅपचा प्रश्न सुटेल, पण तिकडं जुनी, जास्त रेघांची अक्षरं लिहितात. पुस्तक सोप्या अक्षरांचं आणि फळा जुन्यांचा असं होऊ देऊ नका, आधीच ठरवून घ्या.

मानधनाचा आकडा मी देत नाही, त्यावरून माझं तोंड आधीच एकदा पोळलंय. एवढं करा, दोघींचा आठवड्याचा एक नियोजनाचा तास पगारी धरा. एजन्सी फक्त स्क्रीनवरच्या मिनिटांचे पैसे मोजते. त्यामुळं तास संपला की बाई जातात आणि उद्या काय घ्यायचं ते तुमच्या टीचरला तासाच्या सुरुवातीला कळतं. आमच्या लाओशींनी माझ्याशी ईमेलवर जे ठरवलं ते सगळं त्यांनी आपल्या वेळेत, फुकट केलं. मीही.

आणि तुमच्या टीचरला चिनी येतं की नाही, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. येत नसेल तर वरचं निम्मं उत्तर गैरलागू आहे. मग तिला आधी वर्षभर शिकवा, पहिली पातळी पास होऊ दे, आणि पुढच्या जूनला वर्ग सुरू करा. येत असेल तर तिला उद्या बोलावून हाच प्रश्न तिलाच विचारा.