‘मले फक्त झोप पायजे’

प्रश्न : ताई, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात अकरा वर्षांपासून आशा आहे. गावाचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर ओळख पटेल. माझ्याकडच्या घरांमधली एक बाई आहे, चोवीस वर्षांची. लेकरू अंगणवाडीत जातं. दिवाळीनंतर, कापूस वेचणीच्या दिवसांत, वावरातून परतताना तिच्यावर बळजबरी झाली. करणारा ओळखीचा आहे. दीड महिन्यानं ती माझ्याकडे दिवस गेलेत का ते पाहायची पट्टी मागायला आली. दिवस नव्हते गेले. तेव्हा माझ्या सपरीत बसून सगळं बोलली आणि म्हणाली, “ताई, कोनाले सांगू नोका.”

त्याला आता चार महिने झाले. नवऱ्याला माहीत नाही. पोलिसांत जायचं नाही म्हणते. रात्रभर जागी असते, दाराची कडी पुन्हा पुन्हा पाहते, पऱ्हाटीत पाय ठेवत नाही. सासू म्हणते आळशी झाली, मजुरी बुडवली. सासूनंच एका देवर्ष्याकडून दोरा आणून तिला बांधला आहे. मी दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणते, “मी काय पागल आहो का? मले काई झालं नाई. मले फक्त झोप पायजे.”

जिल्ह्याचा दवाखाना साठ किलोमीटर दूर. तक्रार न करता तिथं उपचार मिळतील का? गावाला कळू न देता कसं न्यावं? आणि तिला पुन्हा सगळं बोलतं करावं का? रडली की बरं वाटेल, असं आमच्या सिस्टर म्हणतात.
– एक आशा, जि. यवतमाळ

उत्तर : आशाताई, तिला काय हवंय ते ती सांगून चुकली आहे. झोप. तिथूनच सुरुवात करा. ‘तुझ्यावर झालेल्या प्रसंगासाठी दवाखान्यात चल’ असं म्हणू नका. ‘झोप येत नाही ना, त्याचं औषध-पाणी पाहू’ असं म्हणा. यात खोटं काहीच नाही. झोप उडणं, कडी तपासत राहणं, त्या जागेकडे पाय न वळणं, ही सगळी त्याच दुखण्याची लक्षणं आहेत. महिना उलटूनही ती हटत नसतील तर उपचार लागतात आणि उपचारांनी बरं वाटतं. सासूबाईंना आळस दिसतोय, पण ती रात्रभर पहारा देते आहे.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तिथं मी स्वतः चुकले आहे. विदर्भातल्या सरकारी दवाखान्यांत मी अठ्ठावीस वर्षं समाजसेवा अधीक्षक होते. नोकरीच्या सुरुवातीला एक बाई माझ्यापर्यंत आली, तोवर तिनं चार ठिकाणी हकिगत सांगितली होती : केसपेपरच्या खिडकीवर, सिस्टरला, शिकाऊ डॉक्टरला, मोठ्या डॉक्टरांना. पाचवी मी. आणि मी विचारलं, “तू ओरडली का नाहीस?” ती भिंतीकडे पाहत राहिली, मग पदर सारखा करून उठली. परत आली नाही. भीती टोकाला गेली की शरीर गोठतं, आवाज फुटत नाही, हातपाय हलत नाहीत, हे मला फार उशिरा शिकायला मिळालं.

‘ओरडली का नाहीस’ हा प्रश्न आपल्या मुलखाला नवा नाही. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली त्या पोलिसांना सोडून दिलं. त्यावर १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कायदा बदलला तरी ‘ओरडली का नाहीस’ मात्र अजून दवाखान्यात, घरात, पारावर विचारलं जातं. तुम्ही ते विचारू नका, कुणाला विचारू देऊ नका. तिला पुन्हा बोलतं करायचीही गरज नाही. आपणहून बोलली तर ऐका. “तुझी यात काही चूक नाही” एवढं म्हणा आणि तिच्याजवळ बसून राहा. इच्छा नसताना सगळं खोदून काढलं तर माणूस जास्त बिघडतो. सिस्टरांनाही हे सांगा, त्यांचा हेतू चांगला आहे.

आता तक्रारीचं. उपचारासाठी एफआयआर लागत नाही. अत्याचार झालेल्या बाईवर मोफत उपचार करणं सरकारी आणि खासगी, दोन्ही दवाखान्यांवर कायद्यानं बंधनकारक आहे आणि नाकारणाऱ्याला शिक्षा आहे. ती सज्ञान आहे. पोलिसांना कळवायला ती नको म्हणाली, तर तिचा नकार समजावून सांगून लिहून घ्यायचा आणि उपचार करायचे, असं केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. (मुलगी अठराच्या आतली असती तर गोष्ट वेगळी होती. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठीच्या पॉक्सो कायद्यात कळवणं सक्तीचं आहे.) पुढं कधी तिला तक्रार द्यावीशी वाटली तर तेव्हाही देता येते. तेव्हा अत्याचार झालेल्या बायकांसाठीच्या राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेच्या मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करता येईल. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर आहे, समुपदेशन आणि वकील एकाच छताखाली मिळतात. पण आज तिच्यापुढं हे सगळं मांडू नका. तिला ओझं वाटेल.

‘पागल’ या शब्दाची भीती मी समजू शकते. आपल्याकडे मनाच्या डॉक्टरचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यांपुढं नागपूरचं मनोरुग्णालय येतं. ते इंग्रजांच्या काळापासून आहे आणि तिथल्या चौकालाही लोक पागलखाना चौकच म्हणतात. तिला तिथं जायचं नाही हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात येतं. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना तो वार विचारा. कोणासाठी हे सांगायची गरज नाही. ‘माझ्याकडे झोप न येणारी एक पेशंट आहे’ एवढं पुरे. साठ किलोमीटरऐवजी तालुक्यापर्यंतच जावं लागेल आणि तालुक्याला जायला बाईकडे शंभर कारणं असतात : लेकराचं आधार कार्ड, बँक, बाजार. बाजाराच्या दिवशी पथक येत असेल तर फारच उत्तम.

तेवढंही जमेपर्यंत टेली मानस या मनाच्या आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, रात्री-बेरात्री लागतो, मराठीत बोलतात. तिच्या घरचा फोन नवऱ्याच्या खिशात असणार, म्हणून तुमच्या फोनवरून, उपकेंद्राच्या खोलीत, दार लावून बोलू द्या. तुम्ही बाहेर बसा.

कागदांची काळजी घ्या. तुमच्या डायरीत, रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढं ‘झोपेची तक्रार’ याखेरीज एक अक्षर नको. व्हॉट्सअॅप गटावर ‘नाव न घेता’सुद्धा सल्ला मागू नका. दीडशे घरांच्या गावात नाव न घेताच नाव कळतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नं तिला उपचाराचा आणि गुप्ततेचा, दोन्ही हक्क दिले आहेत. नवऱ्याला सांगायचं की नाही, कधी, हे तिचं ती ठरवेल.

दोरा तोडू नका. सासूशी त्यावरून भांडण झालं तर पोरीचं दाराबाहेर पडणं बंद होईल. “दोरा राहू द्या, सोबत गोळीही घेऊ,” असं म्हणा. आणि दुकानातून झोपेच्या गोळ्या परस्पर आणू नका. सवय लागते आणि मूळ दुखणं तसंच राहतं. बोलण्यातून होणारे उपचार आणि गरज वाटली तर डॉक्टरांनी दिलेली औषधं, हा रस्ता आहे. रात्री दचकून उठली तर रांजणातलं गार पाणी तोंडावर मारावं, अनवाणी पाय सारवलेल्या जमिनीवर टेकवावे आणि समोर दिसतील त्या वस्तू मोठ्यानं मोजाव्यात, चूल, सूप, पाटा. आपण आत्ता घरात आहोत हे शरीराला पटायला मदत होते. वेचणीला जबरदस्तीनं पाठवू नये. मनात आलं तर चार बायांसोबत, दुसऱ्याच कोणाच्या वावरात, तास-दोन तास.

एक गोष्ट याच आठवड्यात करा. “जगून काय करू, असं मनात येतं का?” हे तिला सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट एकटेपणा कमी होतो. आपल्या घराघरांत फवारणीचे डबे असतात. लेकराचं निमित्त सांगून ते कुलपात ठेवायला लावा आणि किल्ली घरात नको. ‘हो’ म्हणाली तर पथकाच्या दिवसाची वाट पाहू नका, तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

हे आपल्याला जमेल का, असं तुम्हाला वाटत असेल. शेतकऱ्यांसाठीच्या प्रेरणा प्रकल्पात घरोघरी जाऊन झोप, भूक, निराशा तुम्ही आशांनीच विचारली. तेच प्रश्न बायकांनाही विचारता येतात. तिनं अख्ख्या गावात तुमची सपरी निवडली, आणि चार महिने तुम्ही तोंड उघडलं नाहीत. हे ओझं तुमच्याही झोपेवर आलं असेल. १४४१६ तुमच्यासाठीही आहे.

तालुक्याला जाल तेव्हा एसटीत तिला खिडकीकडे बसवू नका. दाराजवळची, कडेची जागा द्या. आणि डॉक्टरांच्या खोलीत तिची खुर्ची दार दिसेल अशी ठेवायला सांगा. बाहेर पडायची वाट डोळ्यांसमोर असली की तिला बसवेल.