पुढच्या बाकापलीकडे

प्रश्न : अमळनेरच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. कितीही सांगितलं तरी मुलं वाचून येत नाहीत. प्रश्न विचारला की पुढच्या बाकावरचेच हात वर होतात. काय करू? – एक प्राध्यापिका

उत्तर : ताई, हात वर करणाऱ्यांनाच विचारत राहिलात तर बाकीच्यांनी का वाचावं? कोणाचंही नाव येईल हे कळलं की पुस्तक उघडतं. त्यानं मुलं बुजतील ही भीती मलाही होती. पण डॅलिमोर, हर्टेनस्टाइन आणि प्लॅट यांच्या २०१३ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात, नाव घेऊन जास्त विचारलं जायचं त्या वर्गांत आपणहून बोलणारेही वाढले.

मात्र आधी प्रश्न, मग थोडं थांबणं, नाव शेवटी. आधीच नाव घेतलं की बाकीचे सुटतात. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना शाळांमध्ये आढळलं होतं, की शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात. ३ सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, सुधारली.

मी आदल्या दिवशी दोनच पानं नेमायचो आणि प्रश्नही सांगून ठेवायचो : ‘तुमच्या घरच्या कापसाचा भाव कोण ठरवतं?’ पारोळ्याहून एसटीनं येणारी पोरं घरी विचारून यायची. उत्तर अहिराणीत आलं तर येऊ द्या, फार मोलाचं असतं ते. ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्याला रागावू नका. उद्या पुन्हा तुलाच विचारणार, एवढं सांगा आणि खरंच विचारा.